तुकोबांच्या सेतूवरून : रेव्हरंड नारायण वामन टिळक

बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक म्हणून परळी वैजनाथाचें नांव महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. वैद्यनाथाच्या मंदिराच्या रुंद पायऱ्या चढून जाणारे यात्रेकरू वर्षाचे बाराही महिने तेथें दिसतात; परंतु त्याच गांवांत जगमित्र नागा या संताची समाधि आहे, याची आठवण त्यांतील थोड्यांसच असते. जगमित्र हा परळीचा भिक्षुक ब्राह्मण. कोरान्न मागावें, हरिकीर्तन करावें आणि कोणाचा द्वेष करूं नये, एवढाच त्याचा संसार. द्वेष्ट्यांनीं त्याच्या झोंपडीस आग लाविली, तरी तो व त्याचीं मुलेंमाणसें त्यांतून वांचलीं. मग गांवकऱ्यांनीं त्यास थोडी जमीन दिली. पुढें नवा अंमलदार आला, त्याच्या डोळ्यांत ती जमीन खुपूं लागली. मुलीच्या लग्नांत आमच्या कुळाचारास वाघ लागतो, तो आणून दे म्हणजे जमीन तुझी, असें त्यानें सांगितलें. जगमित्र रानांत गेला, त्यानें देवास हांक मारिली आणि देव वाघ होऊन त्याच्या मागून चालत गांवच्या वेशींत आला. अंमलदाराची पांचांवर धारण बसली, हें सांगणें नकोच.

ही कथा महिपतींनीं आपल्या ‘भक्तविजय’ ग्रंथांत गाइली आहे. महिपति हे नगर जिल्ह्यांतील राहुरी तालुक्यांतल्या ताहाराबादचे राहणारे. १७६२ सालीं पुरा झालेला त्यांचा हा ग्रंथ घरोघर वाचला गेला. तोच ग्रंथ इंग्रजी भाषेंत नेण्याचें काम विसाव्या शतकांत एका ख्रिस्ती धर्मोपदेशकानें केलें. रेव्हरंड जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. मुंबईंत आयुष्याचा मोठा भाग काढून ते मायदेशीं परतले आणि तेथें बसून म्हातारपणीं त्यांनीं महाराष्ट्रांतील कविसंतांची एक मालाच इंग्रजींत उतरविली. एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांच्याबरोबर परळीच्या शेजारच्या अंबेजोगाईचे दासोपंतही तींत आले. ‘भक्तविजया’चें भाषांतर त्यांनीं नरहर गोडबोले यांच्या साहाय्यानें केलें, आणि अशा रीतीनें परळीचा जगमित्र समुद्रापलीकडे गेला.

धर्मोपदेश करण्यास आलेल्या माणसानें आपलें उतारवय त्या देशाच्या संतांच्या पायांशीं घालवावें, ही घटना लहान नव्हे. परंतु तिच्याहूनही मोठी घटना याच ॲबटसाहेबांच्या डोळ्यांदेखत पूर्वीं घडून गेली होती. १८९५ सालीं नारायण वामन टिळक नांवाचा एक चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचा व्यासंगी, कवि आणि वक्ता, त्यांच्याशीं पत्रव्यवहार करून मुंबईस आला आणि ख्रिस्ती झाला. ख्रिस्ती झाला, पण महाराष्ट्रीयच राहिला. आणि पुढचीं चोवीस वर्षें या दोन गोष्टी एका जीवांत नांदूं शकतात हें सिद्ध करण्यांत त्यानें खर्चिलीं. त्या माणसाच्या आयुष्याचा हा आढावा आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. वडील वामनराव हे सरकारी नोकरींतले, स्वभावानें अत्यंत कडक. आई जानकीबाई भाविक, गोड गळ्याची, पदें रचणारी. कवित्व आणि भक्ति या दोन्ही देणग्या मुलास आईकडून मिळाल्या. ती माउली १८७३ सालीं वारली, आणि घरांत प्रेमाचा ओलावा उरला नाहीं असें पाहून अकरा-बारा वर्षांचा हा मुलगा घर सोडून नाशकास आला. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यानें संस्कृताचें अध्ययन केलें. इंग्रजीचें शिक्षण त्यास शाळेंत थोडेंच लाभलें. परंतु ज्ञानेश्वरी आणि तुकारामांची गाथा यांनीं त्याच्या मनांत जें घर केलें तें कायमचें.

१८८० च्या सुमारास नाशकाजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मनकर्णिकेशीं त्यांचें लग्न झालें. सासरचें तिचें नांव लक्ष्मी. वधूचें वय अकरा-बारा वर्षांचें. या मुलीस पुढें काय काय सोसावें लागणार आहे आणि सोसून ती काय लिहिणार आहे, याची कल्पना त्या मांडवांत कोणास असणार?

टिळकांचा पाय एका गांवीं कधीं ठरला नाहीं. कोठें शिक्षक व्हावें, कोठें कीर्तन करावें, कोठें व्याख्यानें द्यावीं, मन उठलें कीं अंगावरच्या वस्त्रानिशीं निघून जावें, असा त्यांचा क्रम होता. हातीं पैसा आला तर तो समोर येईल त्यास देऊन मोकळें व्हावें, ही दुसरी खोड. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें त्यांनीं संस्कृत ग्रंथांचें काम केलें व ‘ऋषि’ नांवाचें धर्मविषयक मासिक चालविलें. परंतु हा सारा काळ त्यांच्या मनांत एक प्रश्न सलत होता. हा देश एक कशानें होईल? जातिभेदानें पोखरलेल्या समाजास देव एक व माणसें सारीं भाऊ असें शिकविणारा धर्म मिळाल्यावांचून हें राष्ट्र उभें राहणार नाहीं, असें त्यांचें मत होत चाललें होतें. तसा नवा पंथ आपणच काढावा, असेंही त्यांनीं योजिलें होतें. त्यांच्या धर्मांतराचा उगम शोधावयाचा तर तो येथें शोधला पाहिजे. मिशनऱ्यांनीं त्यांना गांठण्यापूर्वींच देशप्रीतीनें त्यांना गांठलें होतें.

१८९३ सालीं ते रेल्वेनें राजनांदगांवास जात होते. त्याच डब्यांत अर्नेस्ट वॉर्ड नांवाचे एक मिशनरी होते. काव्याच्या गोष्टी निघाल्या, त्यांतून धर्माच्या निघाल्या. उतरतांना वॉर्ड यांनीं टिळकांच्या हातांत नवा करार ठेविला आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भाकीत करून ते गेले. टिळकांस तें हास्यास्पद वाटलें. तरी पुस्तक वाचण्याचें वचन दिलें होतें, म्हणून त्यांनीं तें उघडलें. आणि डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर त्यांना तें खालीं ठेववेना. शत्रूवर प्रेम करा, उजव्या हाताचें दान डाव्या हातास कळूं देऊं नका, ही शिकवण त्यांच्या आईच्या पदांतून आणि तुकोबांच्या अभंगांतून त्यांच्या ओळखीची झालेलीच होती. नवें होतें तें हें कीं, येथें ती एका जिवंत चरित्रांत मूर्त झालेली त्यांना दिसली. पुढें आयुष्यभर ते सांगत असत कीं, आपण ख्रिस्ताच्या पायांशीं आलों तें तुकोबांच्या सेतूवरून.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या काळीं याचा अर्थ काय होता, हें आजच्या श्रोत्यांस सांगितलें पाहिजे. अमेरिकन मिशनरी मुंबईस आले १८१३ सालीं. नगरास त्यांचें ठाणें पडलें १८३१ सालीं. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी यांचे जाहीर वादविवाद गाजले ते १८५७ सालीं. बाबा पदमनजी, नीलकंठशास्त्री गोरे, पंडिता रमाबाई, निजामाच्या मुलखांत जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारणारे नारायण शेषाद्रि, अशीं विद्वान माणसें एकामागून एक ख्रिस्ती झालीं होतीं, आणि प्रत्येक वेळीं समाजास वाटलें कीं आपल्या घराचा एक वासा निखळला. परक्या राज्यकर्त्यांचा धर्म घेणें म्हणजे परक्यांस मिळणें, असा साधा हिशेब होता. धर्मांतर करणाऱ्यास आप्त मेलेला समजत. आणि पुष्कळदां नवख्रिस्ती माणूसही कपडे, बोलणें, गाणें सारें बदलून त्या समजुतीस पुष्टि देई.

या हिशेबाची सर्वांत मोठी रक्कम भरली ती लक्ष्मीबाईंनीं. पतीनें त्यांना आधीं विश्वासांत घेतलें नव्हतें. त्या माहेरच्या माणसांत असतांना बातमी आली. पदरीं तीन-चार वर्षांचा दत्तु, वय सव्वीस-सत्तावीस, लिहिणेंवाचणें जेमतेम, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. अशा स्थितींत त्यांनीं चार-साडेचार वर्षें काढलीं. त्यांतील कांहीं काळ त्या पंढरपुरास होत्या. विठोबाच्या दारीं बसून, ज्यानें विठोबा सोडला अशा पतीसाठीं झुरणें, हें दुःख ज्याचें त्यासच कळावें. त्या दुःखानेंच त्यांच्या तोंडून पहिल्या कविता बाहेर आल्या. टिळक तिकडून पत्रें लिहीत, कविता लिहीत, येऊन भेटत. परंतु मध्यें सोंवळ्याची भिंत उभी होती.

टिळकांच्या चरित्राचें कौतुक करितांना हा भाग झांकून ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. सत्य सांपडलें असें ज्यास वाटलें त्यानें तें स्वीकारावें, हें खरें. पण घरांतल्या माणसास न सांगतां निघून जाण्याची जुनी खोड त्यांनीं त्या दिवशींही सोडली नाहीं, हेंही तितकेंच खरें. देवासाठीं सर्वस्व सोडणारे पुरुष आपल्या देशांत पुष्कळ झाले. त्यांनीं सोडलेल्या सर्वस्वांत एक बाई असते आणि तिलाही मन असतें, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनीं बहुधा एका ओळींत उरकली. टिळकांच्या बाबतींत मात्र तसें झालें नाहीं, कारण येथें चरित्रकार ती बाईच झाली.

चार-साडेचार वर्षांनीं लक्ष्मीबाई नगरास पतीजवळ आल्या. आल्या त्या हिंदु म्हणूनच. चूल वेगळी, पाणी वेगळें, सोंवळें कडक. टिळकांनीं त्यांच्यावर सक्ति केली नाहीं. आणि या न केलेल्या सक्तीचा उपयोग हजार उपदेशांहून अधिक झाला. नगरांत सर्व जातींचीं माणसें एका पंक्तीस बसत होतीं. दुष्काळानें अनाथ झालेलीं मुलें मिशनच्या आश्रयास येत होतीं. तें पाहतां पाहतां जाति ही देवानें केलेली नसून माणसांनीं केली आहे, ही गोष्ट या बाईनें कोणत्याही पुस्तकावांचून, आपल्या आपण ओळखली. मग एके दिवशीं त्यांनीं ठरवून दुसऱ्याच्या हातचें पाणी प्यालें. बाप्तिस्मा त्यांनीं १९०० सालीं घेतला. परंतु त्यांचें खरें धर्मांतर त्या पाण्याच्या घोटानेंच झालें होतें असें म्हणतां येईल.

नगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, हें टिळकांच्या पुढील आयुष्याचें मुख्य ठाणें झालें. राहुरीसही हें कुटुंब कांहीं काळ राहिलें. भक्तांचीं चरित्रें गाणाऱ्या महिपतींच्या तालुक्यांत हा नवा भक्त आपलीं गाणीं रचीत होता, हा योगायोग खरा. पण त्यांत विसंगति मुळींच नाहीं. १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयांत ते शिकवीत. १८४२ पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राची मराठी बाजू सांभाळीत. आणि या सर्व उद्योगांत ते आपल्या धर्मबांधवांस एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत : ख्रिस्त परदेशी नाहीं, तुम्ही त्यास परदेशी केलें आहे.

हें त्यांचें म्हणणें पोकळ नव्हतें. त्या वेळच्या मराठी उपासनेंत इंग्रजी गीतांचीं भाषांतरें विलायती चालींवर म्हणत. मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ त्या चालींत मोडून पडत, आणि गाणाऱ्या कुणब्यास वा महारास आपण काय गातों हें उमगत नसे. टिळकांनीं तेथें अभंग आणिला, ओवी आणिली, पद आणि भजन आणिलें. टाळ-मृदंगावर म्हणतां येईल, जात्यावर म्हणतां येईल, असें ख्रिस्ताचें गाणें त्यांनीं लिहिलें. ख्रिस्तास त्यांनीं गुरु म्हटलें, सखा म्हटलें आणि वारकऱ्यांनीं विठोबास म्हणावें तसें माउलीही म्हटलें. त्यांचे अभंग ‘अभंगांजलि’ या संग्रहांत आले. आणि ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहांत त्यांच्या रचनांचा वांटा इतका मोठा आहे कीं, तो काढून घेतला तर पुस्तकाचा प्राणच गेला असें वाटावें.

कीर्तनाचीही गोष्ट हीच. नगरास कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाची वाट टिळकांच्या पूर्वींच घालून दिली होती. टिळकांनीं ती रुंद केली. पूर्वरंग, उत्तररंग, मध्यें आख्यान, साथीस झांजा, असा सगळा साज तोच. आख्यान मात्र ख्रिस्तचरित्राचें. ज्या श्रोत्यांनीं परळीच्या जगमित्राची कथा ऐकून डोळे पुसले असतील, त्यांसच हें कीर्तन ऐकण्यास बसवावें, असा तो यत्न होता. नवी गोष्ट सांगावयाची तर ऐकणाऱ्याच्या कानास जुनी वाटेल अशा सुरांत सांगावी, हें कीर्तनकाराचें शहाणपण त्यांच्या अंगांत पुरतें मुरलेलें होतें.

हा मार्ग अगदींच अपूर्व होता असें नाहीं. गोव्यांत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें १६१६ सालींच ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापून मराठीची थोरवी गाइली होती. परंतु स्टीफन्स बाहेरून आंत आला. टिळक आंतलेच होते. त्यांस मराठी शिकावी लागली नव्हती, आणि मराठीस त्यांची ओळख करून द्यावी लागली नव्हती. म्हणूनच ख्रिस्ती नसलेल्या महाराष्ट्रानेंही त्यांची कविता आपली मानली. केशवसुतांच्या पिढींतील आधुनिक कवींत त्यांची गणना होते. ‘मनोरंजन’ मासिकांतून त्यांच्या कविता प्रसिद्ध होत आणि सर्व जातींच्या घरांत वाचल्या जात. ‘वनवासी फूल’ हें दीर्घ काव्य, घायाळ पक्षिणीवरील ‘केवढें हें क्रौर्य’ ही कविता, या श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं शाळेंत पाठ केल्या असतील. फुलें आणि मुलें हे त्यांचे आवडते विषय. त्यावरून फुलामुलांचे कवि हें नांव त्यांस मिळालें तें अद्यापि चालत आलें आहे. ज्या समाजानें त्यांस पंक्तींतून उठविलें, त्याच समाजानें त्यांस पाठ्यपुस्तकांत बसविलें, यांत मराठी मनाचा दोष आणि गुण दोन्ही दिसतात.

त्यांच्या घराचें दारही असेंच उघडें होतें. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें. तेथें त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून सारे थक्क झाले व त्यास बालकवि ही पदवी मिळाली. हा मुलगा पुढें नगरास टिळकांच्या घरीं येऊन राहिला. टिळकांनीं त्यास मुलासारखें वागविलें आणि लक्ष्मीबाईंनीं तर त्याचें खाणेंपिणें, रुसणेंफुगणें सारें संभाळलें. ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्त्याच्या घरीं राहतो, हें त्या काळीं सोपें नव्हतें. परंतु त्या घरांत बालकवि कवि म्हणून वाढला. त्यास ख्रिस्ती करावा असें कोणास वाटलें नाहीं, वा वाटलें असल्यास त्या मोहास कोणी जागा दिली नाहीं. धर्मोपदेशकाच्या चरित्रांत अशा न केलेल्या गोष्टीही मोजल्या पाहिजेत.

आयुष्याच्या अखेरीस टिळकांचें मन मिशनच्या चाकोरींत रमेना. परदेशांतून येणारा पैसा, त्यावर पोसलेली मंडळी, वरिष्ठ गोरा आणि कनिष्ठ काळा अशी उतरंड, यांत ख्रिस्ताचा चेहरा झांकला जातो असें त्यांस वाटूं लागलें. गोऱ्या मिशनऱ्यांशीं त्यांचें वैर नव्हतें. ॲबटांसारख्यांवर त्यांचें प्रेम होतें. त्यांचें मागणें एवढेंच होतें कीं, वडीलपणा पुरे झाला, आतां भाऊ व्हा. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ति पत्करिली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. या दरबारांत बाप्तिस्मा घेतलेल्यांस जागा होती आणि न घेतलेल्यांसही होती. ख्रिस्तास गुरु मानणारा कोणीही, आपलें घर, आपली जात-बिरादरी न सोडतां, तेथें येऊन बसूं शकत होता. चर्चच्या नियमांत हें बसणारें नव्हतें, आणि त्यावरून त्यांचे स्नेहीही चिंतेंत पडले.

या दरबाराच्या कल्पनेंत टिळकांच्या बावीस वर्षांच्या अनुभवाचें सार आलें आहे. १८९५ सालीं ख्रिस्ताकडे जाण्यासाठीं त्यांस घर सोडावें लागलें, बायको-मुलास रडवावें लागलें, आप्तांस मुकावें लागलें. १९१७ सालीं त्यांनीं जें दार उघडलें त्यांतून येणाऱ्या माणसास यांतलें कांहींही करावें लागूं नये, अशी त्यांची इच्छा होती. स्वतः चुकविलेली वाट मागून येणाऱ्यांसाठीं दुरुस्त करण्याचाच तो यत्न नव्हता काय?

दरबार फार दिवस चालला नाहीं. टिळकांची प्रकृति ढांसळली आणि ९ मे १९१९ रोजीं मुंबईस जे. जे. रुग्णालयांत त्यांचा अंत झाला. आपला देह पुरूं नये, दहन करावें, अशी त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती पाळकाची ही इच्छा त्या काळच्या मंडळीस चमत्कारिक वाटली असेल. पण आयुष्यभर जें सांगितलें तेंच त्यांनीं शेवटच्या वेळींही सांगितलें. एक मोठें काम अपुरें राहिलें होतें. ख्रिस्ताचें संपूर्ण चरित्र ओवीबद्ध करावें म्हणून त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें होतें. त्याचे पहिले दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले.

तें काम लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें. ज्या बाईस लग्नांत अक्षरओळखही धड नव्हती, जी पतीच्या धर्मांतरानें वेडीपिशी होऊन पंढरपुरास झुरत बसली होती, तिनें ‘ख्रिस्तायना’चे चौसष्ट अध्याय रचले. याहून मोठा विजय कोणत्या धर्मोपदेशकास मिळाला असेल? आणि याच हातांनीं तिनें ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं. १९३४ पासून हें आत्मचरित्र भागांनीं प्रसिद्ध होऊं लागलें. मराठींतील सर्वश्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना झाली, आणि ती आजतागायत बदललेली नाहीं. त्यांत टिळकांचा विसरभोळेपणा आहे, संताप आहे, हातचें सगळें देऊन टाकून घरांत चूल न पेटण्याचे दिवस आहेत, आणि हें सारें हंसत हंसत सांगितलेलें आहे. पतीस त्यांनीं देव्हाऱ्यांत बसविलें नाहीं आणि कोर्टांतही उभें केलें नाहीं. जुनें देणें त्यांनीं लिहून ठेविलें, आणि लिहितां लिहितां माफ केलें. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ सालीं छापून निघालें. पुत्र देवदत्त यांनीं आईबापांचें साहित्य संभाळलें. नातू अशोक टिळक यांनीं आजोबांवर ‘चालता बोलता चमत्कार’ हें पुस्तक लिहिलें.

मग टिळकांच्या कार्याचें फळ काय उरलें? मिशनच्या वहींत किती माणसें त्यांच्यामुळें चढलीं, हा हिशेब मांडूं गेल्यास हातीं फारसें लागणार नाहीं. दरबार मोडला. परंतु त्यांचे एक चाहते जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकानें त्यांचें चरित्र १९२३ सालीं इंग्रजींत लिहिलें, आणि स्वतः भारतीय रीतीनें राहणारा ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापिला. त्या विचाराचें बीज टिळकांच्या आंगणांतलें आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारीं आजही त्यांचीं गीतें गाइलीं जातात. गाणाऱ्यांतल्या मुलांस हें गाणें कोणी रचलें हें पुष्कळदां माहीत नसतें, आणि परदेशांतून आलेला देव आपल्या आजीच्या भाषेंत बोलतो यांत त्यांस कांहीं नवलही वाटत नाहीं. नवल न वाटणें हेंच टिळकांचें यश होय.

दुसरें फळ ख्रिस्तेतर महाराष्ट्राच्या पदरीं पडलें आहे. धर्म बदलला म्हणजे माणूस परका झाला, हा जो जुना हिशेब, तो टिळकांनीं वादविवाद करून खोडला नाहीं, तर मराठी कविता लिहून खोडला. फूल पाहून त्यास जें वाटलें तें ब्राह्मणासही वाटलें आणि महारासही वाटलें; पक्षिणीच्या दुःखास जात नव्हती. धर्मांतरास ज्यांचा विरोध होता व आहे, त्यांनींही या माणसास आपल्यांतून वजा करण्याची इच्छा कधीं धरली नाहीं.

परळीच्या संताचें नांव जगमित्र. जगाचा मित्र होण्यासाठीं त्यास गांव सोडावें लागलें नाहीं. आग लागली तरी तो तेथेंच राहिला, आणि जो वाघ सर्वांस खाण्यास येईल असें भय होतें तो त्याच्या मागून पाळीव जनावरासारखा चालत आला. टिळकांच्या काळीं पुष्कळ मराठी घरांस ख्रिस्ती धर्म म्हणजे असाच एक रानांतून आलेला वाघ वाटत होता. टिळकांनीं त्यास हातीं धरून वेशींत आणिलें, तुकोबांचा अभंग ऐकविला आणि दाखविलें कीं, हें भयाचें रूप तुमच्याच डोळ्यांत आहे. नीट पाहाल तर आंत तोच आहे, ज्यास तुम्ही रोज हांक मारितां. महिपति आज असते तर ‘भक्तविजया’च्या पुढील भागांत या नगरच्या भक्तास त्यांनीं एक अध्याय दिला असता, आणि त्या अध्यायाचा निम्मा भाग लक्ष्मीबाईंच्या नांवें ठेविला असता, असें मानण्यास हरकत नाहीं.